पायाळूची बायको

भिंत आणि पाठ यांच्यात दाबून धरलेला चेंडू गुडघे वाकवले की खाली सरकतो. पण पाठ जेवढी उतरते, त्याच्या निम्माच. म्हणजे पाठीपुरतं बोलायचं तर तो वर चढतो. कमरेच्या वरून निघून खांद्याच्या पात्याशी येतो. वाटेत एका जागी छायाचा श्वास अडकायचा. तिथे चेंडू थांबवायचा, श्वास सावकाश सोडायचा, म्हणजे आखडलेला स्नायू सैल पडतो, असं मोताळ्याच्या समताताईंनी शिकवलं होतं. चेंडू रबरी, मुठीएवढा. जोडीला फोमचा रोलर. तो जमिनीवर ठेवून वरची पाठ त्यावर टेकवायची आणि हळूहळू पुढे-मागे व्हायचं.

समताताई फिजिओथेरपिस्ट. छायाच्या पाठीवरचा डाग त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला.

"हे कायनं झालं?"

"न्हाणीत पडली."

"पडून लागते ते हाडाच्या उंचवट्यावर लागते, छाया. हे बरगडीखाली आहे, मऊ जागी." त्यांनी चेंडू तिच्या हातात दिला. "चेंडूनं आखडलेलं सुटेल. मारणारा थांबणार नाही. तक्रार द्यायचं ठरवलं की मले सांग, मी सोबत येईन. पण ठरवायचं तूच."

तेव्हा उन्हाळा होता. पेरणी झाली, सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला, तरी छायाचं ठरलं नव्हतं. सकाळी ठरायचं, दिवेलागणीला मोडायचं. कोणाला सांगणार? सगळं गाव त्याच पायाला हात लावत होतं.

तिचा नवरा सहदेव पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हा गावाचा भरवसा. शनिवारी सकाळी माणसं अंगणात येऊन पालथी पडत. सहदेव उजवा पाय हलकेच तीनदा टेकवी. घरात मात्र त्या पायाला हलकं ठाऊक नव्हतं. तो पाठच निवडायचा, कारण पाठ पदराखाली झाकते. आणि छाया वाकून चालताना दिसली की बाया म्हणत, "घरातच दवा हाय बाई तुह्या, तुले काय चिंता?"

त्या शनिवारी तिची सासू मंजुळाबाई गोधड्या उन्हात टाकायला निघाली. ढीग उचलताच आत लपवलेला रोलर सटकला आणि घरंगळत पुंजाजींच्या पायाशी जाऊन थांबला. शेजारचे पुंजाजी कंबर धरून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते.

"हे कायचं लाटणं हो, मंजुळाबाई?"

"सुनबाईचं. मोताळ्याच्या डॉक्टरणीनं देलं. पाठीखाली घेऊन लोळते."

"बाप्पा! सहदेवभाऊ, साऱ्या गावाची उसण तुमी उतरोता, अन् तुमच्याच बायकोले डॉक्टरणीचं लाटणं लागते?"

अंगण हसलं. सहदेवही हसला. पण त्याच्या मानेवरची फुगलेली शीर छायाने पाहिली.

"इकडे ये," तो म्हणाला. "झोप इथं. पाहू दे लोकाईले."

"मले बरं हाय आता."

"झोप म्हनलं ना व!"

मंजुळाबाईने तिचा खांदा खाली दाबला. "चारचौघात नवऱ्याची इज्जत घेतं काय? पड गुमान."

ती पालथी पडली. पाय पहिल्यांदा हलका टेकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी सहदेवने गुडघा छातीपर्यंत उचलला आणि टाच सगळ्या वजनानिशी खाली आणली. बरगडी मोडल्याचा आवाज छायाला बाहेरून नाही, आपल्याच दातांमधून ऐकू आला. तोंडात माती गेली. बाहेर पडलेला श्वास परत आत येईना.

"उतरली पाहा उसण," कोणीतरी म्हणालं. आवाज मात्र चाचरत होता.

"सांग लोकाईले," सहदेव वरून म्हणाला. "उतरली का नाही?"

ती कशीबशी कुशीवर वळली. "नाही."

त्याने रोलर उचलला. वरून फोम असला तरी आत कडक नळी असते. पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडासमोर धरलेल्या मनगटावर. ओठ फुटला. तो पुन्हा पोटाकडे पाय उचलतोय हे पाहून पुंजाजी धडपडत उठले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. सहदेवने त्यांना असं ढकललं की ते ओट्याच्या कडेवर आपटले आणि ओरडले. जमलेली माणसं मागे सरकली. कोणीही पुढे आलं नाही.

मंजुळाबाई लेकाच्या कानाशी लागली. हळूच बोलली, पण छाया तिथेच पडली होती.

"थांब ना रे. लोकाईले जाऊ दे अगुदर."

छायाने तळहात मातीत रोवले. गुडघ्यावर आली, भिंत धरून उभी राहिली. प्रत्येक श्वासाला बरगडी टोचत होती. तिने जमलेल्या बायांकडे पाठ केली आणि पदर बाजूला करून पोलकं वर ओढलं. ताजा लाल वळ, त्याखाली निळे डाग, कडेला हिरवे, त्याहून जुने पिवळे. एका बाईने तोंडावर हात घेतला.

"झाक ते!" सहदेव ओरडला.

तिने पोलकं खाली केलं, ओठावरचं रक्त पुसलं आणि त्याच्याकडे तोंड फिरवलं.

"मी मोताळ्याले ठाण्यात चालली, तुह्यावर तक्रार द्याले. अन् या घरात आता परत येत नाही."