ओसरीतली खाट

मुलाचं, संघर्षचं, लग्न झालं आणि घरातली आतली खोली नव्या जोडप्याला गेली. इंद्रभानची खाट ओसरीत आली, त्याच्या बायकोची, तानाबाईची, गोधडी चुलीपाशी. उंद्री गावात असंच होतं. सून आली की सासू-सासऱ्यांचं शरीर संपलं असं सगळे धरून चालतात, सासू-सासरेसुद्धा.

तानाबाईला मात्र साठीतही नवऱ्याची ऊब हवी होती. पण मुलाच्या लग्नाच्या आधीपासूनच तो जवळ यायचा नि मध्येच पाठ फिरवायचा. आपली गर्भाची पिशवी काढली, आता आपण त्याला पोकळ वाटतो, असं तिनं ठरवून टाकलं. विचारलं नाही. खाट बाहेर गेल्यावर तर विचारायची गरजच उरली नाही.

मग मित्र उत्तमरावानं पानठेल्यावर ज्ञान दिलं, "प्रेशरच्या गोळीनं माणूस थंडा होते बे." इंद्रभाननं आपली रोजची प्रेशरची गोळी गुपचूप सोडली आणि आठवडी बाजारात भोवळ येऊन वांग्यांच्या ढिगावर पडला.

तानाबाईनं त्याला चिखलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी का सोडली, काका?"

त्यानं उत्तमरावाचं वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं.

तानाबाई मधेच बोलली. "म्हंजे माह्यामुळं नाही?"

"तुह्यामुळं काऊन?"

"माही पिशवी काढली ना!"

"अवं, तुले दुखते म्हणून बी मी मांगं सरलो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. प्रेशर आणि साखर वाढली की रक्त नीट पोचत नाही, म्हणाल्या. एखादी गोळीही नडते. ती बदलता येते, आपल्या मनानं सोडायची नसते. बाईला या वयात कोरडेपणानं दुखतं, त्यालाही मलम आहे. आणि धास्ती दोघांनाही नडते.

"झोपता कुठं?"

"हे ओसरीत. मी चुलीपाशी."

"गोळी मी बदलते. खाटेचं तुम्ही बघा."

औषधापेक्षा हेच अवघड होतं. सुनेला काय सांगायचं? घरी आल्यावर तानाबाई मागच्या कोठीतली सोयाबीनची पोती एकटीच बाजूला ओढू लागली.

"आई, हे काऊन?" सुनेनं, समतानं, विचारलं.

"ह्यायच्या प्रेशरवर नजर ठेवा लागते. खाट इथं आणू, मी बी इथंच निजतो."

समतानं उरलेली पोती बाजूला सारली. मग ओसरीतल्या खाटेची एक बाजू सासूनं धरली, दुसरी तिनं उचलली. खाट लागल्यावर आपल्या खोलीतला पडदा काढून कोठीच्या दाराला बांधला.

इंद्रभान ओसरीच्या मोकळ्या जागेत अवघडून उभा होता.

"गोळी घेतली काय?" पडद्यामागून तानाबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग तिथं काऊन उभे आहा?"