नागपंचमीचा ठिपका

आठवीपर्यंत मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. आता दहावीत मुकेश सरच म्हणतात, भूमिका, जरा हात खाली ठेव, बाकीच्यांनाही बोलू दे. कोडिंग शिकले तेव्हापासूनचा हा फरक. म्हणून आमच्या वाडीमागच्या डोंगराला भेग पडली, तेव्हा ती मोजायचं काम मी मागूनच घेतलं.

आमची वाडी टोकावडे गावाच्या वर, डोंगराला पाठ टेकून बसलेली. मागच्या उतारावर ऐनाचं उंच, सरळसोट झाड आहे, ते शाळेच्या ओट्यावरूनही दिसतं. आषाढात त्याच्या बुंध्याशी जमीन उसवली, हात जाईल एवढी. मी भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि रोज शाळेत जाण्याआधी आईच्या शिलाईच्या टेपनं दोन्हींमधलं अंतर घेऊ लागले. फक्त नागपंचमीला घेतलं नाही. त्या दिवशी जमिनीला खुपसायचं नाही, खणायचं नाही. खुंटीपाशी दिसलीस तर बघ, असं बारकू आजानं बजावलं होतं.

बारकू आजा माझा सख्खा आजा नाही, पण वाडीत त्याचा शब्द चालतो. सर त्याला म्हणाले की अंतर वाढतंय, पाऊस ओसरेपर्यंत सगळ्यांनी शाळेत येऊन राहा. नुकती भाताची आवणी आटपलेली, घरात शेळ्या, कोंबड्या. असं कोण उठणार? आजा म्हणाला, "मास्तर, आकडं मला नाय कळत. भेग चालते का बसली, ते चित्रात दाव. चालत असंल तर मी वाडी उठवीन."

चित्र म्हणजे माझा हातखंडा, असं मला वाटलं होतं. नेटवर एक तयार नमुना-कोड मिळाला. तो आलेख काढायचा, आणि ज्या दिवसाची नोंद नाही तिथे रेघ तोडून मोकळी जागा सोडायचा. म्हणून तर मी तोच निवडला. पण चालवला की पडद्यावर लाल अक्षरं: चित्राची लायब्ररी, म्हणजे चित्र काढून देणारा तयार कोडचा गठ्ठा, सापडली नाही. ती टाकली तर तिला दुसरी हवी. दुसरीला तिसरी. लग्नाला आत्याला बोलवावं, तर ती नणंदेशिवाय येत नाही, नणंद जावेशिवाय येत नाही, तसं. सगळं वऱ्हाड जमवलं, तर शाळेचा कॉम्प्युटर इतका जुना की नव्या लायब्ररीला तो आत घेईना. मी लाल अक्षरं वाचत बसायची, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि रोज सकाळी टेप कालच्यापेक्षा थोडी जास्त सोडावी लागत होती.

शेवटी माझ्या मैत्रिणीचा, संघरत्नाचा मामेभाऊ दीपेश मदतीला आला. त्याचं मुरबाडला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं सगळ्या लायब्रऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या, नमुना-कोडसकट, एकाच फोल्डरमध्ये घालून पेनड्राइव्हवर दिल्या. माझ्या नोंदींची फाइल संघरत्ना रोज टाइप करायची, तीही त्याच पेनड्राइव्हवर होती.

ज्या सकाळी चित्र दाखवायचं ठरलं, त्या सकाळी आमच्या घराचं दार लागेना. आई म्हणाली, पावसानं लाकूड फुगलंय.

आजा वाडीतल्या दोघांना घेऊन शाळेत आला. मी कोड चालवला. लाल अक्षरं आली नाहीत. पडदा पांढरा झाला आणि त्यावर निळी रेघ उमटली. मला इतका आनंद झाला की रेघ काय सांगतेय हे मी वाचलंच नाही. ते आजानं वाचलं. रेघ जवळजवळ आडवी होती.

"बसली म्हनायची भेग," तो म्हणाला.

सर जरा गोंधळले, मग म्हणाले की ओली टेप ताणली जात असेल, म्हणून आकडे वाढलेले वाटले. मलाही ते पटलं. पटवून घ्यायलाच हवं होतं, नाहीतर माझं चित्र चुकलं असतं. आजानं डोक्यावर इरलं घेतलं आणि तिघं वाडीकडे निघाले.

मग संघरत्ना आली. मी तिला ऐटीत पडदा दाखवला. ती पडद्याजवळ वाकून रेघेवरचे ठिपके मोजू लागली.

"नागपंचमीला तू मोजलं नव्हतंस ना गो? मी ती जागा रिकामी ठेवलीय. मग हा ठिपका कोनाचा?"

रेघेत कुठेच मोकळी जागा नव्हती. ठिपक्याला लागून ठिपका.

मी फोल्डर उघडला. नमुना-कोडसोबत त्याची स्वतःची उदाहरणाची फाइल होती, आमच्याच फाइलच्या नावाची. कोडनं हाताशी होती ती घेतली. कुठल्या तरी परक्या खोलीचं तापमान असेल, देव जाणे. आमची फाइल पेनड्राइव्हवर, पण फोल्डरच्या बाहेरच पडून होती. ती आत टाकली, तर रिकाम्या नोंदीवर जुनी लायब्ररी अडली आणि लाल अक्षरं परत आली.

मी लायब्ररीच काढून टाकली. नुसती अक्षरं छापायला कुणाचं वऱ्हाड लागत नाही. पहिल्या दिवसापेक्षा भेग जितके मिलिमीटर जास्त, तितक्या चांदण्या, कीबोर्डवरच्या त्या ताऱ्याच्या खुणा, एका दिवसाची एक ओळ. पडदा वरून खाली भरत गेला. दोन चांदण्या, तीन, पाच. मग नागपंचमीची कोरी ओळ. तिच्याखाली चांदण्या एकदम अर्ध्या पडद्यापर्यंत गेल्या. आणि आज सकाळची ओळ पडद्यात मावली नाही, ती वळून पुढच्या ओळीत गेली.

सरांनी फोनमध्ये फोटो काढला आणि गाडीची किल्ली उचलली. संघरत्ना वाडीसाठी वर्ग उघडायला मागे थांबली.

आजा आम्हाला ओढ्यावरच्या साकवापाशी सापडला. तो पुढे जातच नव्हता. खाली पाणी वरची माती घेऊन गेरूसारखं लाल झालं होतं. मी फोन त्याच्यापुढे धरला आणि मघाचं चित्र आपलं नव्हतं, हे आपलं, असं सांगितलं. त्यानं चांदण्यांवरून बोट खाली आणलं आणि कोऱ्या ओळीवर थांबवलं.

"हा कुठला दिस?"

"नागपंचमी."

त्यानं बोट खालच्या लांब ओळीवर नेलं. मग मागे वळून त्या दोघांना म्हणाला, "शेळ्यांचं दावं सोडा, त्यांचं त्या येतील. मानसं काढा."

दुपारपर्यंत वाडी शाळेच्या ओट्यावर होती. उपड्या पाट्यांखाली कोंबड्या, धुणं तसंच ओलं. डोंगर धुक्यात होता. कुणीतरी कुरकुरलं की पोरीच्या चांदण्यांपायी भाकऱ्या चुलीवर राहिल्या. दुसरं म्हणालं, पडला का डोंगर? तो पडू नये असंच मला वाटत होतं.

मग वारा आला आणि धुकं थोडं सरकलं. आमची घरं दिसली, आमचं उघडं दार दिसलं.

त्यांच्यामागे ऐन दिसला. तो वाडीवर ओणवा झाला होता.