साहेबांनी मागितलेलं पाणी

सुट्टीवर गावी जाताना दिल्लीत उतरायचं आणि साहेबांच्या आईला भेटायचं, हे जयेशने स्वतःच ठरवलं. लेफ्टनंट सुधन्वा साहेबांनी सीमेवरच्या चौकीत शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्यांच्याजवळ तोच होता. मग आईला तोंड दाखवायला नको? बाविशीतल्या जवानाला असं वाटतं. शहाण्या माणसाने सरळ साताऱ्याची गाडी धरली असती.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये साहेबांच्या आईने, कुमुदताईंनी, त्याला आग्रहाने जेवायला वाढलं. समोर साहेबांची थोरली बहीण उत्तरा बसली होती, हिंदूराव हॉस्पिटलमध्ये सर्जरीची डॉक्टर. रडारड झाली नाही. जयेशला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात कुमुदताई म्हणाल्या, "बेटा, एकच सांग. शेवटी त्याच्या तोंडात पाणी घातलं ना कुणी?"

जयेशने हातातला घास परत ताटात ठेवला.

पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, पुढे ऑपरेशन असतं, हे ट्रेनिंगमध्ये त्याच्या डोक्यात भिनवलं होतं. साहेब पाणी मागत होते. आधी म्हणाले, "यार, घोटभर दे." मग म्हणाले, "ऑर्डर आहे." शेवटी नुसत्या आईला हाका. जयेश भरलेली बाटली पाठीमागे लपवून "हेलिकॉप्टर येतंय, साहेब" म्हणत राहिला. धुक्यात हेलिकॉप्टर आलंच नाही. साहेब कोरड्या तोंडाने गेले. कसलं डोंबलाचं ऑपरेशन! तेव्हापासून त्याला स्वतःची किळस येत होती.

"मीच पाजलं, आई," तो म्हणाला. "शांतपणे प्यायले."

कुमुदताईंनी त्याचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि हंबरडा फोडला. इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर पडलं. "आता तूच माझा मुलगा," त्या म्हणत राहिल्या. जयेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याला सोडायला उत्तरा जिना उतरून खाली आली.

"मी रिपोर्ट वाचलाय. गोळी पोटात होती. पाणी द्यायचं नाही हे शिकवलं नव्हतं तुला?"

"शिकवलं होतं."

"मग? सच सच सांग. दिलंस?"

'नाही' एवढा एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. पण ही आईजवळ राहणारी. आज ना उद्या तो शब्द जिना चढून वर जाणारच, असं त्याला वाटलं.

"दिलं, ताई. फार मागत होते."

उत्तरा मागे सरली. "मग तूच मारलंस त्याला. आईला हे मी मरेपर्यंत सांगणार नाही. पण परत इथे पाऊल ठेवू नकोस."

म्हणजे हिच्या पोटात खरंही राहिलं असतं. जयेशला हे कळलं तेव्हा ती पाठ फिरवून जिना चढू लागली होती.

वरच्या गॅलरीतून कुमुदताईंनी हात हलवला. "बेटा, पुढच्या सुट्टीत आधी इकडे यायचं हं!"

"हो, आई," जयेश म्हणाला.