वाऱ्यानं वाकलेली नळी

व्हर्लाची गोळी चुकली ती मागच्या मे महिन्यात. लांबून चुकली असती तर कुणी बोललं नसतं, पण चुकली साठ पावलांवरून. कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा छोटा लांडगा, कोकराकडं निघाला होता. आवाज ऐकून थांबला, ढुंगण टेकून बसला आणि म्हातारीकडं बघत राहिला. दुसरी गोळीही गेली कुठं तरी, वायोमिंगच्या बाहेर गेली नसेल एवढंच. मग कायोटी उठला, कोकरू तोंडात धरलं आणि घाईगडबड न करता टेकडी चढून गेला.

टेकडीच्या वरून मुलगा डेल्मर हे सगळं बघत होता, हे व्हर्लाला मागाहून कळलं.

"नळी वाकलीय," ती म्हणाली.

"कशानं?"

"वाऱ्यानं. रात्रभर रायफल बाहेर टेकवून ठेवली होती. वारा सगळा एकाच अंगानं. सकाळी बघते तर नळी पूर्वेकडं झुकलेली. अरे, मागं त्या वाऱ्यानं सोळा मेंढ्या कुंपणाला चिकटवून ठेवल्या होत्या तीन दिवस. मी उभ्या उभ्याच त्यांची लोकर कातरली, एका बाजूची."

व्हर्लाच्या थापा अख्ख्या खोऱ्यात प्रसिद्ध होत्या. लोक त्या ऐकायला वाट वाकडी करून यायचे. डेल्मर तर त्यांवरच लहानाचा मोठा झालेला. पण त्या दिवशी तो हसला नाही. वर्षभर गप्प बसला आणि एप्रिल लागल्यावर कॉफी पिता पिता म्हणाला, "आई, नळी वाकली असेल तर नवी रायफल घेऊ. बंदुकांच्या दुकानामागच्या मैदानात माझ्यासमोर चालवून दाखव. आणि नळी वाकलेली नसेल, तर यंदा कुरणावर मी माणूस ठेवतो."

आता कुरण म्हणजे काय, तर मेंढ्या विताना सहा आठवडे त्यांच्यापाशी राहायचं. चाकांवरची एक खोली, तीत एक शेगडी, एक पलंग, एक खिडकी. एक्केचाळीस वसंत व्हर्लानं तिथं काढले होते, त्यातले शेवटचे नऊ एकटीनं, नवरा एल्डन गेल्यापासून. माणूस ठेवला की तो तिच्या पलंगावर झोपणार, आणि ती सुनेच्या स्वयंपाकघरात बसून टीव्हीतल्या बायकांची भांडणं ऐकणार.

नळी ठणठणीत होती, हे तिला ठाऊक होतं. बिघडला होता उजवा डोळा. मोतीबिंदू. त्या डोळ्यानं बघितलं की कुणीतरी दुधाचा पेला आडवा धरल्यासारखं दिसायचं. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती ऑक्टोबरातली, आणि मेंढ्या काही ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हत्या. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शनिवारी दोघं टिंबर फोर्क गावी ओर्लोच्या दुकानात गेले. ओर्लो साठीचा, पोट सुटलेला, गळ्यात सशाची पुंगी अडकवलेला. सशाची पुंगी म्हणजे जी फुंकली की जखमी सशासारखी किंचाळते आणि ती ऐकून कायोटी जेवायला येतो. ओर्लो ती गिऱ्हाइकांना चहा विचारावा तशी फुंकून दाखवायचा.

"व्हर्लाकाकी, नळीचं ऐकलं मी," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

"तीन जणांकडून. प्रत्येकाच्या नळीचा वाक वेगळा होता."

डेल्मर काउंटरला टेकून उभा राहिला. त्याचं लक्ष आईच्या हातांकडं होतं.

ओर्लोनं पहिली काढली ती काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. "साडेतीनशे पावलांवरचा कायोटी आडवा करते. वर ही दुर्बीण लावली की त्याच्या अंगावरच्या पिसवा मोजाल."

"पिसवांशी माझं भांडण नाही," व्हर्ला म्हणाली. "आणि ही हातात घेतली की कार्पेट झाडायला निघाल्यासारखं वाटतं."

दुसरी लांब नळीची होती. ती म्हणाली, ही घेऊन दारातून वळता येणार नाही, खोलीला वळण ठेवावं लागेल. तिसरी जाड गोळीची. "हिनं कायोटीचं कातडं उरेल का?" तिनं विचारलं.

"शेपूट उरेल."

"मग चौथी काढ."

ओर्लोनं मग बाकीचंही मांडलं. रायफल टेकवायला तीन काठ्यांची घोडी, माळावरच्या सेजच्या करड्या झुडपांच्या रंगाचा अंगरखा, आणि एक डबा. डब्यात दोनशे आवाज भरलेले, बटण दाबलं की डबा ओरडतो. त्यानं ससा लावला. व्हर्लानं मान वाकडी करून ऐकलं.

"हा ससा शहरातला आहे," ती म्हणाली. "कोणी चावलेलं नाही याला. फक्त रागावलाय."

डेल्मरच्या ओठांची एक कड हलली, पण तेवढीच. "आई, रायफल."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती गेला पाऊण तास फक्त नावं ठेवतेय. एकही बंदूक अजून खांद्याला लावलेली नव्हती, आणि डेल्मर तेच मोजत होता.

खिडकीपाशी ओर्लोनं दोन दुर्बिणी ठेवल्या होत्या, रस्त्याकडं तोंड करून. व्हर्ला उठली आणि पहिलीला उजवा डोळा लावला. दूध. समोरच्या धान्याच्या दुकानावरचा पत्र्याचा कोंबडा दुधात बुडालेला. बाहेर गाडी वाजली म्हणून डेल्मरनं मान वळवली, तेवढ्यात तिनं डावा डोळा लावला.

कोंबडा लख्ख दिसला. त्याच्या शेपटीचा एक खिळा निघालेला होता, तोही दिसला.

ती तशीच वाकून उभी राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. डावा डोळा म्हणजे डावा खांदा. डावा खांदा म्हणजे पुढची गोळी भरायचा बोल्टही डाव्या हाताचा, नाहीतर प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडं टाकायचा, आणि तोवर कायोटी पुढच्या जिल्ह्यात. तशी रायफल डावखुऱ्यांसाठी मिळते. पण ती मागायची म्हणजे सगळं सांगणंच झालं. तिनं आजवरचं आयुष्य उजव्या हातानं काढलं होतं, आणि मुलगा काही खुळा नव्हता.

न मागता दुसरा रस्ताही होता. कुठली तरी रायफल घ्यायची, मैदानात दोन गोळ्या चुकवायच्या आणि म्हणायचं, ही नवी आहे, हाताला बसायची आहे. डेल्मर कदाचित मानेल. मग मे येईल, आणि एखादं कोकरू तिच्या समोरून टेकडी चढेल. गेल्या वर्षीच्या त्या कोकराच्या आईनं चार दिवस हाका मारल्या होत्या. खोलीच्या खिडकीखाली येऊन.

व्हर्ला सरळ झाली. "ओर्लो, डावखुरी आहे का तुझ्याकडं?"

ओर्लोनं आधी तिच्याकडं बघितलं, मग डेल्मरकडं, आणि आतल्या खोलीत गेला.

"डावखुरी कशाला?" डेल्मर म्हणाला.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑक्टोबरात काढतायत."

"आणि नळी?"

"नळी सरळ आहे. तुझ्या बापानं घेतली तेव्हा होती तशी."

डेल्मर काउंटरपासून सरळ झाला. मग म्हणाला, "वर्षभर मी ती नळी काढून, खिडकीपाशी धरून, आतून बघत होतो. माझेच डोळे गेले की काय असं वाटायला लागलं होतं."

"मग तेव्हाच विचारायचं."

"तू सांगितलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं, पुन्हा वारा सुटला आणि सरळ झाली."

ओर्लोनं आणलेली रायफल अक्रोडाच्या दस्त्याची होती, आखूड, हलकी, बारीक गोळीची. कुणी मागवली आणि न्यायला आला नाही, तेव्हापासून पडून होती. व्हर्लानं डाव्या खांद्याला लावली. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं वाटलं. बोट चापावर कसं ठेवायचं तेही हाताला नव्यानं सांगावं लागलं.

मैदानात शंभर पावलांवर कागद लावला. पहिली गोळी मातीत. दुसरी कागदाच्या कोपऱ्यात. डोळ्यापुढं दूध नाही, पण हात आपला नाही. तिनं रायफल घोडीवर नीट टेकवली, श्वास सोडला. तिसरी, चौथी, पाचवी कागदाच्या मध्यापाशी, एका बशीत मावतील अशा.

"शंभरवर ठीक आहे," डेल्मर म्हणाला. "तीनशेवर?"

"तीनशेवर मी गोळी झाडणारच नाही. मी त्याला शंभरवर बोलवीन."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर तो कोकरांपासूनही तीनशेवरच राहिला की."

ओर्लो हसला आणि पुंगी गळ्यातून काढायला लागला. व्हर्लानं हातानंच नको म्हटलं. तोंडापुढं पंजा धरून तिनं सशाचा आवाज काढला, असा की दुकानातला कुत्रा मागच्या दारातून धावत बाहेर आला.

तरी डेल्मरनं शब्द दिला नाही. एवढंच म्हणाला, "पहिला आठवडा मी तुझ्यासोबत राहीन. मग बघू."

मे लागला. खोली कुरणावर नेली. डेल्मरनं आपलं अंथरूण पलंगाखालच्या फळीवर टाकलं आणि रोज पहाटे तिच्याशेजारी सेजमध्ये बसायला लागला. आपली लांब पल्ल्याची रायफल मात्र त्यानं गाडीतच ठेवली. हा त्याचा मोठेपणा, पण तो दर पाच मिनिटांनी गाडीकडं बघायचा.

चौथ्या पहाटे उजाडता उजाडता कायोटी आला. टेकडीच्या कडेला उभा राहिला, उन्हात शेपूट तांबूस झालेलं. तीनशे पावलं, एखादं कमीजास्त. खाली रात्रीच जन्मलेलं कोकरू अजून चार पाय कुठं ठेवायचे ते शिकत होतं.

व्हर्लानं ससा काढला. कायोटीनं कान टवकारले. दोन पावलं आला आणि थांबला.

"आई," डेल्मर पुटपुटला. "दिसतोय ना?"

"दिसतोय. पुढचा डावा पंजा उचललाय त्यानं."

"मग झाड की गोळी."

तिनं तोंडापुढं पंजा धरला. पुन्हा ससा काढला, या वेळी हळू, दमलेला. कायोटी बसला. डेल्मरनं गाडीकडं बघितलं. रायफल घोडीवर होती, बोट चापाच्या बाहेर. दुर्बिणीत तो मोठा आणि स्वच्छ दिसत होता, अगदी लागेल असा. मागं उजव्या डोळ्यावर भागवत होती तेव्हा हाच प्रसंग आला असता तर तिनं गोळी झाडली असती, आणि दुपारपर्यंत तिची गोष्टही तयार झाली असती.

कायोटीनं हवा हुंगली. दहा मिनिटं गेली असतील. मग तो उठला, मेंढ्यांकडं एकदा बघितलं, पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं टेकडीपलीकडं उतरला. नवं कोकरू तोवर आईच्या पोटाखाली पोचलं होतं.

डेल्मरनं उठून पँट झटकली. "उद्या परत येईल तो."

"येईल. उद्या आणखी थोडा जवळ येईल."

त्यानं एकवार टेकडीकडं बघितलं. खोलीत गेला, फळीवरचं अंथरूण गुंडाळलं आणि बाहेर आणून गाडीच्या मागच्या भागात टाकलं.

"आठवडा झाला नाही अजून," व्हर्ला म्हणाली.

"तिकडं कुंपण पडलंय. मला कामं आहेत." त्यानं गाडीचं दार उघडलं, मग थांबला. "रविवारी लिंबाचा केक देऊन पाठवतो बायकोला. आणि आई, तो तुला शंभरवर सापडला की मला काय घडलं तेवढंच सांग. बाकीचं ओर्लोला सांग."

"बरं," व्हर्ला म्हणाली. "कॉफीचं भांडं मात्र ठेवून जा. तू ते गाडीत टाकलंस, मी बघितलंय."