चार बोटांची ढील

"सयाजीकाका, खरं सांगा, तुमचे हात कापतात का हो?"

विचारून टाकलं! माझ्या मैत्रिणी प्रयाग आणि रखमा कुंपणाआड तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या. 'विचारून दाखव, मग खरी तू!' म्हणाल्या होत्या. इंग्रजी पाचवीतली मुलगी असल्या पैजेला हटते होय?

सयाजीकाका आमच्या मोटारीचे ड्रायव्हर. बारा वर्षं महाड ते पोलादपूर आणि परत. त्यांनी पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. काळे, तेलकट, पण बोटसुद्धा हलत नव्हतं.

"कोन म्हनतो गो असं?"

"सगळं महाड," मी म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले ते आमचे अप्पाच, हे मात्र जिभेवर येईना. सोमवारी पोलादपूरच्या अलीकडे वळणावर मोटार बांधावर चढली होती. कुणाला लागलं नाही, पण उतारूंनी गावभर बोभाटा केला. अप्पा म्हणजे माझे वडील, मोटारीचे मालक. "मोटार ठणठणीत आहे, सयाजीचे हात कापायला लागले," म्हणाले आणि मुंबईहून नवा ड्रायव्हर बोलावून मोकळे झाले. तो गुरुवारी यायचा होता.

"चाकात चार बोटं ढील हाय," काका वैतागून म्हणाले. "हातातलं चाक फिरवतो, फिरवतो, मंग कुठं गाडी वळते. चाकाच्या दांड्याखालच्या पेटीचा स्क्रू तीनदा आवळला. चाक जड झालं, पन ढील हाय तिथंच! खाली निजून समदे सांधे हलवून बघितले. एक हलंल तर शपथ!"

"तुम्ही खाली असता तेव्हा वर चाक कोण फिरवतं?"

"कोन फिरवनार? अप्पांचा दंडक म्हायत नाय? पुजलेल्या चाकाला ड्रायव्हरबिगर कुनी हात लावायचा नाय. बाईमानसानं तर त्या शिटावर बसायचंच नाय."

मी चढले आणि बसले.

"अगं ए, मेलीस!" कुंपणाआडून प्रयाग किंचाळली.

"उतर गो बाय! माझी भाकर जाईल!"

"ती गुरुवारी जाणारच आहे. निजा खाली!"

काका पुटपुटत गाडीखाली सरकले. "हळू. डावीकडं. आता उजवीकडं. परत." माझे हात भरून आले तरी खालून 'परत, परत'च. मग रंग खरवडल्याचा आवाज.

"येडा मी, येडा!" काका ओरडले. "स्क्रू आवळत बसलो, आन् हितं अख्खी पेटीच हलतेय!"

मीही खाली वाकले. चाकाच्या दांड्याखालची पेटी गाडीच्या सांगाड्याला ज्या बोल्टांनी धरलेली, त्यांची भोकं झिजून लांबट झाली होती. दर दसऱ्याला अप्पा मोटारीला वरून-खालून काळा रंग देववतात. त्या थरांखाली सगळं दडलं होतं. मी चाक हलवल्यावर रंगाला चीर गेली, तेव्हा ते दिसलं.

काकांनी भोकं कानशीने गोल केली, लोहाराकडचे जाड बोल्ट बसवले, आवळलेला स्क्रू सैल केला. चार बोटांची ढील अर्ध्या बोटावर आली.

मी धावत घरी गेले.

"तू चाकावर बसलीस?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, बोल्टांची भोकं…"

"चाकावर?"

"सगळ्यांदेखत?" आईने कपाळाला हात लावला.

मी तीनदा बोल्ट म्हणाले, दोघं तीनदा चाक म्हणाले. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

"झाली असेल दुरुस्त," शेवटी अप्पा नजर चुकवून म्हणाले. "पण सयाजी चालवतोय म्हटल्यावर त्या मोटारीत आता बसणार कोण?"

"मी," मी म्हणाले. "उद्या शाळा बुडवणार आहे. पहिल्या खेपेला सयाजीकाकांच्या शेजारी बसून पोलादपूरला जाणार आणि परत येणार. आणि बाजारपेठेतून मोटार अगदी हळू न्यायला सांगणार आहे मी त्यांना."