सहा घोड्यांची हद्द

“सर, घोड्याचं मूत तुम्ही धरता कसं?”

हा प्रश्न माझा नव्हता. साधनाचा होता, तिच्या मागच्या बाकावरच्या टोळीचा होता. “शिला, वक्तृत्वात नंबर आल्यापासून लई धीट झालीस ना? मग ऊठ अन् हे विचार. विचारलंस तर समोसा माझ्याकडून.” मी उठले आणि भर वर्गात, हेडसरांच्या देखत, खणखणीत आवाजात विचारलं. पोरं हसून बाकाखाली गेली. हेडसरांनी कपाळाला हात लावला.

पाहुणे मात्र खूश झाले. डॉ. रत्नपाल खिल्लारे आमच्याच शाळेत शिकले. आता ते पुण्याकडं एका प्रयोगशाळेत आहेत, शर्यतीच्या घोड्यांना कुणी औषध चारलंय का ते तपासतात.

“शीळ घालून,” ते म्हणाले. “लांब दांडीला भांडं बांधायचं, घोड्याच्या बाजूला उभं राहायचं आणि हळू शीळ घालत राहायचं. घोडा कधी लगेच ऐकतो, कधी सगळी दुपार खातो.”

समोसा जिंकला होता, खाली बसायला हरकत नव्हती. पण शिळेचं नाव ऐकून मला घोडीला शीळ घालणारा बा आठवला आणि मी उभीच राहिले.

बा म्हणजे माझे वडील, उत्तमसिंग राठोड. आमचा तांडा साखऱ्याजवळ आहे. आमच्या दाराशी मोरणी बांधलेली असते. मोरणी म्हणजे आमची घोडी, तांबूस रंगाची, मान अशी उंच धरते की जणू तिलाच वक्तृत्वात बक्षीस मिळालंय. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तांड्यात एक रीत होती. प्रत्येक घरानं आपल्या वाफ्यातला लसूणघास आणून मोरणीला आपल्या हातानं चारायचा. ती बांधलेली आमच्याकडं, पण पळायची सगळ्या तांड्यासाठी. मग एकट्या बानंच का चारायचं?

बाया गाणं म्हणत यायच्या. शेजारची भिकाबाई सगळ्यात जाड पेंढी आणायची आणि मोरणीच्या कानात काहीतरी सांगायची. “काय सांगितलंस गं?” विचारलं की म्हणायची, “आमचं दोघींचं हाय. तुला काहून पायजे?” पेंढ्या सोडायचं काम माझं. हातांचा हिरवा वास धुऊनही जायचा नाही. अजूनही कुणी घास कापत असलं की मी रेंगाळत चालते. तो वास आला की चुलींचा धूर येतो, बाची शीळ येते, मोरणीचं करकर चावणं येतं. एवढा तांडा एका दारात मी नंतर कुणाच्या लग्नातही पाहिला नाही.

मी आठवीत होते तेव्हा पलीकडच्या एका यात्रेत मोरणी पहिली आली. बाला खांद्यावर घेऊन लोक नाचले. पण त्या वर्षी पहिल्यांदाच तपासणी होती. बक्षिसाच्या दिवशी मंडपात माइकवरून सांगितलं, “मोठ्या तबेल्यातल्या सहा जातिवंत घोड्यांवर तपासून ही हद्द ठरवलेली आहे! उत्तमसिंग यांच्या घोडीत दुखणं दाबणारं द्रव्य हद्दीपेक्षा जास्त निघालेलं आहे!” आकडाही सांगितला, दोनदा. तो मला अजून पाठ आहे.

बक्षीस गेलं त्याचं बाला एवढं नव्हतं. पण त्या दिवसापासून तांडा एकमेकांकडं बघायला लागला. बानं काही दिलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग गोळी कुणाच्या पेंढीत होती? सगळ्यात जाड पेंढी कुणाची? भिकाबाईनं आमच्या दारात येणं सोडलं. मोरणी पुन्हा पळाली नाही, आणि यंदा बा तिला माळेगावच्या यात्रेत विकायला निघाला होता. “ती दारात दिसली की लोकांना तेच आठवतंय,” म्हणायचा.

हे सगळं मी भर वर्गात, त्या आकड्यासकट, सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. साधनाही नाही.

खिल्लारे सर फळ्याकडं गेले. पहिल्या बाकांवरच्या सहा मुलींना त्यांनी विचारलं, “रात्री भाकरी किती खाता?”

“एक.” “दीड.” “दोन.” शितल लाजून म्हणाली, “अर्धी.”

“खोटं बोलून राहिली सर! तीन खाती!” मागून आवाज आला.

सरांनी सरासरी काढून फळ्यावर एक टिंब मांडलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, चांगले लांब लांब, दोन कंस काढले. “मी सहाच जणींना विचारलंय. म्हणून सगळ्या शाळेचा खरा आकडा या कंसात कुठंतरी असेल, एवढंच म्हणेन. साठ जणींना विचारलं की कंस आवळत येईल. याला कॉन्फिडन्स इंटरवल म्हणतात. नमुने थोडे असले की कंस ऐसपैस ठेवावा लागतो. सहा घोड्यांवरून बारीक रेघ मारता येत नाही, पट्टाच मारावा लागतो. तुझ्या मोरणीचा आकडा त्या पट्ट्यात पडतोय.”

“आणि सर, त्या तबेल्यातल्या घोड्यांना आमच्यासारखा घास...”

“तेच म्हणतोय. लसूणघासात ते द्रव्य मुळातच थोडं थोडं असतं. त्या सहांनी तो पोटभर खाल्लाच नसेल.”

“म्हणजे मोरणी निर्दोष!”

“असं मी म्हणालो नाही,” सर हसले. “दोषी म्हणता येत नाही, निर्दोषही म्हणता येत नाही. त्यासाठी इकडचे, घास खाणारे पुष्कळ घोडे तपासावे लागतील. मी माळेगावच्या यात्रेला येईन, तपासूनही देईन. पण माझ्यासोबत नमुने गोळा कोण करणार?”

मी काहीतरी बोलले. सर म्हणाले, “आधी घरी विचार.”

वाटेत मला सरांचा रागच आला. मला “निर्दोष” पाहिजे होतं, एक शब्द, तांड्याच्या मधोमध उभं राहून ओरडण्यासारखा. हातात काय आलं तर दोन कंस! समोसा खायचाही राहिला.

बा मोरणीच्या अंगावरून खरारा फिरवत होता. याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशी भाकरी थापत होती. मी दप्तर टाकलं आणि मोरणीसमोर मातीत काडीनं कंस काढून सगळं सांगितलं. शितलच्या तीन भाकरींसकट.

बानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे एवढं शिकून सरांनी बी काही सांगितलं न्हाईच.”

“व्हय!” म्हणताना माझं मलाच कळलं. “कुणालाच ठाऊक न्हाई, बा. त्या माइकवाल्यालाबी ठाऊक नव्हतं! त्यांनी उगीच बारीक रेघ मारली अन् आपण तिच्यावरून भिकाबाईच्या पेंढीकडं बोट दाखवून राहिलो.”

खरारा थांबला. याडीनं भाकरी तव्यावर टाकली आणि हळूच म्हणाली, “तिनं काही घातलं नसंल. मला तेव्हाबी वाटत होतं.”

“मग बोलली काहून न्हाईस?” बा म्हणाला.

“तुमी बोलला व्हता का?”

बानं मोरणीच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. शेजारच्या अंगणात भिकाबाई शेळ्या बांधत होती. बा तिकडं बघत राहिला, बऱ्याच दिवसांनी.

“गिऱ्हाईक बोलून ठेवलंय मी,” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. “माळेगावला येऊन राहिलंय ते.”

“येऊ द्या त्याला. मी ठरवलंय,” मी म्हणाले. वर्गात निघाला होता तोच आवाज, फक्त या वेळी कुणी पैज लावली नव्हती. “बा, याडी, मोरणी माळेगावला जाणार, पण विकायला न्हाई. तिथं सगळ्या मुलखातले घोडे येतात. मी खिल्लारे सरांसोबत तिथं थांबणार, दांडीला भांडं बांधणार, शीळ घालणार अन् घास खाणाऱ्या घोड्यांचं मूत गोळा करणार. सरांना मी हो म्हणून आलेय.”