दहावा सूचक

निकिताने आमदारकीच्या चौदा उमेदवारांना गुण दिले होते, तेही शंभरपैकी. तिला स्वतःला मतदानाचा हक्क मिळायला अजून तीन वर्षं अवकाश, दहावीचं वर्ष, दिवाळीच्या सुट्टीत गणिताचा ढीगभर अभ्यास. पण बाईसाहेब चार दिवस झाले तहसील कचेरीच्या व्हरांड्यात वही घेऊन उभ्या. तिथल्या फलकावर प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र लावलेलं असतं. शिक्षण, गुन्हे, जमीनजुमला, सगळं. येणारे-जाणारे जमीनजुमला वाचून "आगं आयायाई!" करत पुढे जात. निकिता मात्र एकेक रकाना वाचायची.

काकासाहेबांना तिने अठ्ठावीस गुण दिले होते. साखर कारखान्याचे चेअरमन, दोनदा आमदार, आणि गेल्या पाच वर्षांत सभागृहात विचारलेले प्रश्न चार! शोभाताईंना चौऱ्याण्णव. बारा वर्षं गावच्या अंगणवाडीत काढून, राजीनामा देऊन, अपक्ष उभ्या राहिलेल्या शोभाताई. खरं तर शंभरच द्यायचे होते. सहा गुण तिने कापले ते केवळ कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून.

"आणि तुला स्वतःला किती?" शोभाताईंनी हसून विचारलं होतं.

"मी कुठे उभी आहे?" निकिता म्हणाली होती.

आज त्याच व्हरांड्यात ती वही न उघडताच उभी होती.

आज अर्जांची छाननी. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला मतदारसंघातले दहा लागतात. दहा माणसांनी सही करून म्हणायचं, हा माणूस उभा राहावा असं आम्हाला वाटतं. नऊ चालत नाहीत. आणि नवी सही घ्यायची मुदत काल दुपारी तीनला संपली होती. शोभाताईंनी एकच अर्ज भरला होता, आणि त्यातल्या दहाव्या सहीवर काकासाहेबांच्या वकिलाने हरकत घेतली होती. सूचक बनुबाई यांनी समक्ष हजर राहावं, असा निरोप सकाळी गावात आला.

ती सही कुणी केली होती, हे साऱ्या तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस म्हणजे निकिता.

झालं होतं असं. काल बारा वाजता दहावे सूचक कारभारीमामा यांचा फोन आला. "ताई, माजं नाव काडा. दोन एकर ऊस उभा हाय. कारखान्यानं तोडच दिली न्हाई तर मी काय करू? मत तुमालाच, पोरांची आन!" शोभाताईंनी तिथल्या तिथे नवा कागद लिहायला घेतला. नऊ जण कचेरीपाशीच थांबले होते, त्यांनी पुन्हा सह्या केल्या. दहावं नाव बनुबाईंचं. त्या कांद्याच्या लागणीला गेलेल्या. टोळीतल्या बाईच्या मोबाईलवरून बोलणं झालं. "व्हय, घाल की माजं नाव. करते सही." शोभाताईंनी कागद निकिताच्या हातात दिला. "पळ. अडीचच्या आत परत ये."

निकिता जीपने गावात आली, सायकल काढली आणि सुटली. वावर ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी, म्हणजे पुलावरून वळसा. दीड वाजला होता आणि परतीची जीप पावणेदोनला सुटणार होती. बंद डेअरीच्या ओट्यावर ती दम खात बसली. कागद मांडीवर. सहीच्या रिकाम्या चौकोनाकडे बघता बघता तिला वाटलं, आजी हो तर म्हणाल्यातच! आणि त्यांना सही शिकवली कुणी? मीच की! मागच्या वर्षी साक्षरता वर्गात निकिताने पाटीवर नाव लिहून द्यायचं आणि बनुआजीने तीन महिने त्यावरूनच पेन्सिल फिरवायची. आजीचा 'ब' म्हणजे निकिताचाच 'ब', तसाच पोटाला फुगीर. आईसुद्धा ओळखू शकली नसती.

पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा लागला नाही.

"केली बनुबाईंनी?" कचेरीच्या फाटकाशी ताईंनी विचारलं होतं.

"हो," निकिता म्हणाली होती. एकच अक्षर. पण रात्रभर ते दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचत राहिलं.

आज सकाळी बनुआजीला घेऊन यायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. एसटीत आजी खिडकीशी बसली. नवं लुगडं, कमरेला चष्म्याची डबी. दोनदा निकिताने तोंड उघडलं, दोनदा कंडक्टर मध्ये आला. शेवटी ती पुटपुटली, "आजी, तिथं विचारतील, सही तुमचीच का. तर... हो म्हणायचं."

"माजी आसल तर व्हय म्हनंन की," आजी म्हणाली. "त्यात शिकवायचं काय, मास्तरीनबाई?"

निकिता तिकिटाची सुरळी करत राहिली.

छाननीच्या दालनात उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी आणि एकेक सूचक, एवढेच. पण आजी उंबऱ्यातच अडून बसली. "माज्यासंगं ही पोरगी पायजे. हापिसात माजे पाय कापत्यात." निवडणूक अधिकारी म्हणजे प्रांत मॅडम, त्यांनी एकदा आजीकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. "येऊ द्या. पण मुली, मधे बोलायचं नाही."

समोर टेबलाच्या या बाजूला शोभाताई, सुती साडी, छातीशी धरलेली फाईल. त्या बाजूला काकासाहेब, मांडीवर मांडी, मोबाईलमध्ये डोकं; जणू हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरी चाललंय. त्यांचे वकील उभे राहिले.

"मॅडम, विषय सरळ आहे. ही बाई अंगठेबहाद्दर. सूचक निरक्षर असेल तर त्याने अंगठा अधिकाऱ्यासमोर लावायचा असतो. इथे अंगठा नाही, सही आहे, म्हणजे ती दुसऱ्याची आहे. शिवाय काल ही बाई दिवसभर लागणीच्या टोळीत होती, ओढ्याच्या पलीकडे. सही करायला काय उडत आली?"

काकासाहेब मोबाईलमधून डोकं न काढता खुसूखुसू हसले.

"निरक्षर कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"हा पुरावा." वकिलांनी एक जुना कागद पुढे सरकवला. "नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावांच्या नावे स्वखुशीने सोडला म्हणून. खाली बघा, डाव्या हाताचा अंगठा."

आजी पुढे झाली. डबीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि त्या निळ्या ठशाकडे बघत राहिली, जसं एखाद्याने आपलं हरवलेलं पोर परक्याच्या ओसरीवर बघावं.

"ह्यात काय लिवलंय म्हनला?"

"स्वखुशीने हक्क सोडला."

"मला म्हनले हुते, रेशनकार्डाचं हाय," आजी म्हणाली. "माज्या म्हायेरची, सुप्याची कंपनी त्याच वावरात हुबी हाय आता."

मॅडमनी तो कागद उचलून पूर्ण वाचला.

"आजी," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला सही येते?"

"येती की."

"इथे करून दाखवा."

कोरा कागद आला. आजीने पेन उचललं, शाई येते का ते कडेला एक रेघ ओढून बघितलं आणि जीभ दातात धरून नाव लिहिलं. सावकाश, पण एकदाही न थांबता. फुगीर पोटाचा 'ब', सरळ काना, वर छत्रीसारखी लांब रेघ.

मॅडमनी अर्ज शेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग कागद वकिलांपुढे सरकवला. "बघा. काही फरक दिसतो?"

वकिलांनी चष्मा वर केला, खाली केला. पहिल्यांदाच काकासाहेबांनी मोबाईल पालथा ठेवला. शोभाताईंचे खांदे सैल झाले आणि त्यांनी निकिताकडे वळून असं काही हसून बघितलं, की एरवी ती चार दिवस हवेत चालली असती. सुटलो, निकिताला वाटलं. सुटलो, सुटलो, देवा, यापुढे जन्मात कधी...

"ठीक," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "एक विचारायचं म्हणून विचारते. आजी, या अर्जावरची सही तुमचीच ना?"

आजीने अर्ज हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. सहीवरून बोट फिरवलं, जसं पाटीवर फिरवायची.

निकिता मनातल्या मनात विनवत होती. व्हय म्हणा. नुसतं व्हय.

"न्हाई," आजी म्हणाली.

"आजी, नीट बघा," शोभाताई पटकन म्हणाल्या.

"बगितलं, ताई. ह्यो कागद म्या आजच बगतीया. म्या सही केलेलं कागद सात हायेत. ब्यांकेचं दोन, नातवाच्या शाळंतलं तीन, दवाखान्यातला एक आन वर्ग संपला त्या दिशीचा एक. आजचा आठवा. समदं पाठ हायेत मला. ह्यो त्यात न्हाई. सही लई ग्वाड हाय, पन माजी न्हाई."

"पण तुम्ही फोनवर हो म्हणाला होता..." शोभाताई म्हणाल्या.

"म्हनले हुते. आजूनबी म्हनते. कागद आनला असता तर चिखलाच्या हातानं केली असती." आजीने वकिलांच्या जुन्या कागदाकडे मान हलवली. "माज्या नावानं दुसऱ्यानं ठरवायचं, ते तिथंच सपलं."

आता वकिलांचा आवाज एकदम भरदार झाला. "म्हणजे बनावट सही! मॅडम, गुन्ह्यांच्या रकान्यात ताईंनी निरंक लिहिलंय. तो रकाना आता भरावा लागेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शोभाताई, ही सही कुणी केली?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या खरं बोलत होत्या, आणि दालनातल्या एकाही चेहऱ्याला ते खरं वाटत नव्हतं. निकिताला ते स्वच्छ दिसलं. गप्प बसलं तर? पंधरा वर्षांच्या पोरीवर कोण संशय घेणार? आजीही तिचं नाव घेत नव्हती. त्या 'ब'चं पोट कुणाचं ते आजीएवढं कुणाला कळणार? तरी आजी चष्मा पुसत उभी होती. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"मी केली," निकिता म्हणाली.

आवाज एवढा बारीक आला की मॅडमनी "काय?" विचारलं, आणि ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

मग तिने सगळं सांगितलं. ओढा, पूल, जीप, डेअरीचा ओटा. ताईंनी तिला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर त्या मॅडमना म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही. नऊच सूचक आहेत."

"ताई, युक्तिवाद करायचा हक्क आहे तुम्हाला. सूचक समोर आहे, संमती आहे..."

"सही नाही. नऊच आहेत."

काकासाहेब उठून गेले. जाताना त्यांनी शोभाताईंना नमस्कार केला, अगदी वाकून.

मॅडमनी आदेश लिहिला. अर्ज नामंजूर. मुलगी अल्पवयीन आहे, पुढचं काय ते वरिष्ठांना विचारून; पण तिचा जबाब आत्ताच घ्या, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. वकील त्याच्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते, तो लिहीत होता. पाच मिनिटांत कागद निकितापुढे आला. "कर सही इथे."

तिला फक्त तिथून पळायचं होतं. तिने पेन टेकवलं, तोच आजीचा खरखरीत हात मनगटावर पडला.

"आदी वाच."

"आजी, मला माहितीये काय लिहिलंय. मीच तर सांगितलं."

"आदी वाचायचं, मंग सही. कुनी शिकवलं मला? वाच. मोट्यानं."

"अहो आजी, जेवायची वेळ झाली," वकील म्हणाले.

"तुमी जेवा. वाच गं."

निकिता वाचू लागली. मी, कुमारी निकिता, वय पंधरा, राहणार अमुक. डोळ्यांतल्या पाण्याने ओळी हलत होत्या. सूचक बनुबाई शेतात असल्याने... वेळ कमी असल्याने... उमेदवार शोभाताई यांच्या सांगण्यावरून...

ती थांबली. परत वाचलं.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "ताईंच्या सांगण्यावरून नाही. ताईंना माहीतच नव्हतं. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

"अर्थ तोच होतो," वकील घाईने म्हणाले.

"नाही होत! हे खोडा. खोडल्याशिवाय मी सही करणार नाही."

मॅडमनी कागद मागवला, ती ओळ वाचली आणि वकिलांकडे अशी नजर टाकली की ते बॅगेची चेन लावू लागले. "जबाब मुलीचा आहे, वकीलसाहेब, तुमचा नव्हे." ओळ खोडली गेली. 'उमेदवारास न सांगता' असं वर लिहिलं गेलं. निकिताने पहिल्यापासून पुन्हा सगळं वाचलं, आणि मग सही केली. अक्षरं चढावरच्या बैलगाडीसारखी वर-खाली गेली.

आजीने वाकून बघितलं. "वाकडी आली," ती म्हणाली. "माजी बी पयल्यांदा वाकडीच येत हुती."

दारात शोभाताई उभ्या होत्या. त्या निकिताशी बोलल्या नाहीत. व्हरांड्यातून जाताना फलकावरच्या आपल्या शपथपत्रापाशीही थांबल्या नाहीत.

"बनुबाई, चला," एवढंच त्या म्हणाल्या. "साडेतीनची एसटी आहे." मग चार पावलं पुढे जाऊन, मागे न बघता: "तिलाही घ्या."